छोटी दुर्बीण, थंड तारा



लातूर पॅटर्नच्या गावात येऊन अभ्यासावर बोलायची माझी टाप नाही. ज्यात रँक लागत नाही, अशा एका कामाबद्दल बोलतो.

२०१६ साली बेल्जियमच्या मिकाएल गिलाँ आणि सहकाऱ्यांनी चिलीतल्या अवघ्या ६० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून, ४० प्रकाशवर्षांवरच्या ट्रॅपिस्ट-१ या मंद, तांबूस ताऱ्याभोवती तीन ग्रह शोधले. पुढच्याच वर्षी ते सात झाले. त्या पहिल्या शोधाच्या निरीक्षणांत लडाखच्या हानले इथली आपली दोन मीटरची हिमालयन चंद्र दुर्बीणही होती. हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही!

इतकी लहान दुर्बीण पुरली कशी? ग्रह दिसत नाहीच. तो समोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश किंचित घटतो, तेवढंच मोजायचं. या मांडवातल्या हॅलोजनपुढून चिलट गेलं तर कळत नाही, समईच्या ज्योतीपुढून गेलं तर कळतं. पृथ्वी सूर्यासमोरून गेली तर १२ हजारांतला एक भाग प्रकाश अडेल. ट्रॅपिस्ट-१ मात्र गुरूपेक्षा जेमतेम मोठा. तिथे जवळपास पृथ्वीएवढा ग्रह शंभरातला सुमारे पाऊण भाग अडवतो. शिवाय सर्वांत आतल्या ग्रहाचं वर्ष दीड दिवसाचं, त्यामुळे पुन्हा पडताळायला बारा महिने थांबायला नको. मोठ्या दुर्बिणीवर एक रात्र मिळवायला अर्ज करावे लागतात. छोटी दुर्बीण रात्रच्या रात्र एकाच ताऱ्याकडे बघत बसते. माझ्या मते तिची खरी ताकद हीच.

काम कंटाळवाणं आहे, हेही सांगतो. फोटोमागून फोटो काढायचे आणि शेजारच्या ताऱ्यांशी ताडून बघायचे. विरळ ढग आला तर सगळेच मंदावतात, ग्रह आला तर एकटा तोच तारा.

औंढा नागनाथजवळ लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. ती होईल तेव्हा होईल. तोवर जंबूक तारकासमूहातला एचडी १८९७३३ बघा. सूर्याहून थंड तारा. दर सव्वादोन दिवसांनी गुरूएवढा ग्रह त्याच्यासमोरून जातो, प्रकाश जवळपास अडीच टक्क्यांनी घटतो. चांगला कॅमेरा जोडला तर हौशी दुर्बिणीलाही हे जमतं. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की संध्याकाळी तो आपल्या डोक्यावर असतो, आणि सगळा खेळ पावणेदोन तासांचा. प्राचार्य सर, भौतिकशास्त्राच्या मुलांना गच्चीची किल्ली रात्री अकरापर्यंत द्याल का?