इमारतीच्या डोक्यावरची टोपी
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात २६ जानेवारी रोजी केलेले भाषण, थोडे नीट लिहून काढलेले)



सेक्रेटरींनी मला विषय दिला होता "पंचवीस वर्षांच्या आठवणी". त्या आठवणी माझ्यापेक्षा रंगवून सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि त्यांची भाषणं माझ्यानंतर आहेत. मी बँकेत अडतीस वर्षं काढली. त्यातली बरीच वर्षं कर्जाच्या तारणाची पाहणी करण्यात गेली. त्यामुळे माणूस घर बघताना आधी दिवाणखाना बघतो, तर मी आधी छपराकडे बघतो. ही खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. म्हणून मी बोलणार आहे ते आपल्या गच्चीवरच्या चार-पाच वस्तूंबद्दल. कठड्याची कोपिंग, पाण्याच्या टाकीचा वरचा स्लॅब आणि तिचं झाकण, जिन्याच्या खोलीचा छज्जा, आणि पाइपांच्या तोंडावरच्या टोप्या. रोज कोणी तिकडे फिरकत नाही, आणि खालून त्या दिसतही नाहीत.

आपण रत्नागिरीत राहतो. समुद्र इथून सरळ रेषेत जेमतेम किलोमीटरभर. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटल्या की त्यांचे बारीक तुषार वाऱ्यावर येतात, पाणी वाटेत सुकतं आणि मीठ येऊन इमारतीवर बसतं. जून ते सप्टेंबर पाऊस, तोही वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर. बाकीच्या महिन्यांत हवा दमट. हवेतली आर्द्रता पाऊणशे टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपणहून पाणी ओढून घेतं, हे स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीवरून आपल्या भगिनींना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. म्हणजे पाऊस नसतानाही आपल्या कठड्याला ओल असते.

काँक्रिटमधली सळई एरवी का गंजत नाही? ताज्या काँक्रिटचा गुणधर्म चुन्यासारखा असतो, त्याचा पी.एच. १२-१३ च्या आसपास. त्यात लोखंडावर एक अगदी पातळ संरक्षक थर धरतो. मीठ आत पोचलं की तो थर जागोजागी फोडतं. मग गंज सुरू. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा मागतो. ती जागा काँक्रिटमध्ये नसते. म्हणून आधी केसासारखी चीर, मग तांबूस ओघळ, मग फुगवटा, मग तुकडा खाली. हा क्रम ठरलेला आहे. वेळ मात्र आपण राखलेल्या देखभालीवर ठरते.

सळईवर काँक्रिटचं आवरण किती असावं याचा भारतीय मानक आय.एस. ४५६ मध्ये हिशेब दिलेला आहे. कोरड्या, सौम्य हवेत २० मिलिमीटर, तीव्र परिस्थितीत ४५, समुद्राचे तुषार थेट लागत असतील तर ५०. आपल्या जिन्याच्या खोलीचा छज्जा परवा फोडला तेव्हा मी पट्टी लावून बघितली. आवरण कुठे १२, कुठे १५. त्या काळी सगळीकडे असंच बांधत असत, कोणा एकाला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता एक गंमत सांगतो. माझा मुलगा अमेरिकेत बॉस्टनच्या पुढे समुद्रकाठच्या गावात राहतो. तिकडच्या घरांना विटांची धुराडी असतात. धुराड्याच्या डोक्यावर काँक्रिटचा उतरता थर असतो, त्याला ते लोक क्राउन म्हणतात, म्हणजे मुकुट. त्याच्याही वर धुराच्या नळीवर धातूची टोपी, जाळीसकट, की पाऊस, पक्षी, खारी आत जाऊ नयेत. मुलाच्या घराचा मुकुट तडकला होता. गवंडी आला, त्याच्याबरोबर मीही शिडीच्या खाली उभा. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही इथेही साइट व्हिजिट करणार का?" पण मला बघायचंच होतं. त्या माणसाने जुना थर काढला. तो नुसत्या विटांच्या मालाचा, पातळ आणि भिंतीबरोबर तासलेला होता. नवीन थर जाड घातला, भिंतीच्या बाहेर दोन इंच काढला आणि त्या बाहेर आलेल्या भागाच्या पोटात एक खाच ठेवली. नळी आणि काँक्रिट यांच्यामध्ये जरा फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरली, कारण नळी तापते, फुगते आणि काँक्रिटला ढकलते. टोपी बसवली ती ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलची. तिकडे बर्फाचा त्रास वेगळा. चिरेत शिरलेलं पाणी गोठून चीर रुंदावतं, तो आपल्याला नाही. पण मीठ तेच.

ती पोटातली खाच आपल्याकडे हवी होती! पाणी काँक्रिटच्या पोटाला चिकटून उलटं भिंतीकडे जातं. खाच आली की तिथे थेंब थांबतो आणि खाली पडतो. आपल्या जुन्या घरांत हे काम पागोळ्या करत. कौलारू छप्पर भिंतीच्या हातभर बाहेर, म्हणून पाणी भिंतीला शिवत नसे. मातीच्या भिंतीच्या डोक्यावर पेंढा, पावसाळी बाजूला झापं बांधलेली. इंजिनीअर कोणी नव्हता, पण भिंतीचं डोकं उघडं ठेवायचं नाही हे आजोबांना कळत होतं. सपाट स्लॅबचं घर आलं आणि आपण डोकं उघडं टाकलं.

आपली कोपिंग पंचवीस वर्षांपूर्वी कठड्याबरोबर तासून केलेली. बाहेर अर्धा इंचही नाही, खाच नाही, आणि वरचा उतार काही ठिकाणी रस्त्याकडे, काही ठिकाणी कुठेच नाही. वरून केबलवाले, डिशवाले, सौरबंबवाले यांनी आपापले खिळे-बोल्ट ठोकलेले. प्रत्येक भोक म्हणजे मिठाच्या पाण्याला दिलेलं खुलं दार. चौथ्या मजल्यावर भिंतीला ओल आली की आपण बाथरूमवर संशय घेत होतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! दोनदा बाथरूमच्या लाद्या काढून झाल्या, ओल जागच्या जागी. पाणी कोपिंगमधून कठड्यात आणि कठड्यातून स्लॅबवर येत होतं.

गेल्या जूनमध्ये काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण स्मरणिकेत नोंद राहावी म्हणून सांगतो. ए इमारतीच्या पश्चिम कठड्याचा दीड-दोन किलोचा तुकडा सकाळी साडेअकराला पार्किंगमध्ये पडला. एका स्कूटरची सीट फाटली. त्या दिवशी शाळा होती. रविवारी त्याच जागी आपली मुलं क्रिकेट खेळतात, आणि यष्टिरक्षक नेमका त्या स्कूटरच्या जागी उभा असतो. यापुढे मी काही बोलत नाही.

त्यानंतरच्या सभेत आवाज चढले. तळमजल्यावरच्या सभासदांचं म्हणणं, गळती वरच्यांची, खर्च आम्ही का करायचा? आदर्श उपविधी याबाबत स्पष्ट आहेत. गच्ची आणि कठडा सोसायटीचे, गच्चीतून गळून वरच्या सदनिकेच्या छताचं नुकसान झालं तर तीही दुरुस्ती सोसायटीची. आणि तुकडा पडला तो तळमजल्याच्याच दारात, हेही लक्षात घ्या. दुसरा गट म्हणाला, रौप्यमहोत्सव आहे, आधी रंग काढू. मी तेव्हाही म्हटलं आणि आज माइकवरून म्हणतो, गंजक्या सळईवर रंग म्हणजे बुडीत खात्यावर नवीन ओव्हरड्राफ्ट. सभेने अखेर दुरुस्ती आधी असं ठरवलं. म्हणून स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरच्या फोटोत आपली ए इमारत वर करड्या ठिगळांची आणि खाली फिक्या रंगाची दिसते. काहींना तो फोटो नको होता. मला विचाराल तर पंचवीस वर्षांतला इमारतीचा सर्वांत खरा फोटो तोच.

ए इमारतीचं काम दिवाळीनंतर सुरू झालं ते डिसेंबरअखेर संपलं. ते कसं केलं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण बी इमारतीत हेच करायचं आहे आणि घरात छज्जा-ग्रिल दुरुस्त करणाऱ्यांनाही ते उपयोगी पडेल.

आधी हातोडीने ठोकत संपूर्ण कठडा फिरलो. टणक जागा टण वाजते, पोकळ जागा भद्द. पोकळ तेवढ्यावर खडूने खुणा. छज्ज्याचं पोट विसरू नका. वरच्या बाजूचं मीठ पावसाने धुऊन जातं, पोटाला पाऊस लागत नाही, म्हणून तिथे ते वर्षानुवर्षं साचतं. आमच्या खुणा वरच्यापेक्षा खालच्या बाजूलाच जास्त निघाल्या. मग पोकळ भाग फोडला. ठेकेदार सळई नुसती उघडी पाडून थांबतो, तिथे त्याला थांबू द्यायचं नाही. सळईच्या मागे बोट जाईल इतकं फोडायचं आणि गंज संपून चकचकीत लोखंड लागेपर्यंत दोन्ही बाजूंना पुढे जायचं. तार-ब्रशने घासणं, गोड्या पाण्याने धुऊन मीठ काढणं, फारच झिजलेल्या सळईला नवीन जोड, त्यावर जस्तयुक्त गंजरोधक प्रायमर, मग जुन्या-नव्याला धरून ठेवणारा लेप आणि ॲक्रिलिक पॉलिमर घातलेला माल, थराथराने.

अर्धवट फोडून ठिगळ लावलं तर काय होतं? ठिगळ छान राहतं आणि त्याच्या कडेला लागून असलेली जुन्या काँक्रिटमधली सळई आधीपेक्षा जोरात गंजते. कारण मीठ तिथे तसंच आहे आणि नव्या भागातलं लोखंड आता सुरक्षित झालं आहे. दोन वर्षांनी लोक म्हणतात, मागच्या वेळचा माल वाईट होता. माल चांगलाच असतो, फोडणं अपुरं असतं. वाळूचंही तसंच. खाडीची न धुतलेली वाळू स्वस्त पडते, पण ती वापरणं म्हणजे मीठ आपल्या हाताने आत कालवणं. आम्ही वाळू प्रत्यक्ष उतरताना बघितली. चिमूटभर जिभेवर ठेवूनही बघितली, त्यावरून आमच्या घरात मला बरंच ऐकून घ्यावं लागलं.

नवीन कोपिंग कठड्याच्या दोन्ही बाजूंना बाहेर काढली आहे, उतार गच्चीकडे आणि पोटात खाच. कठडा आणि गच्ची मिळते तिथे वाटा नव्याने मारला. सात दिवस पाणी मारलं, गोणपाट टाकून. त्या आठवड्यात आपल्या मंडळातल्या चौघांनी सकाळ-संध्याकाळ पाळी लावून पाणी मारलं. ठेकेदाराचा माणूस दोनदा आला नव्हता.

टाकीची गोष्ट वेगळी. तिचा स्लॅब वरून ठणठणीत आणि आतून पार सुटलेला होता. आत कायम बाष्प, त्यात पाण्यातला क्लोरीन. वर्षातून दोनदा टाकी धुतली जाते, पण धुणारा खाली बघतो, मान वर करून छत कोण बघणार? बिडाचं झाकण गंजून पापुद्रे पाण्यात पडत होते. ते काढून फायबरचं बसवलं. ओव्हरफ्लोच्या आणि हवेच्या पाइपाला बारीक जाळी लावली, डेंग्यूच्या डासाला एवढंच दार पुरतं. संडासाच्या हवेच्या पाइपावरच्या प्लास्टिकच्या टोप्या उन्हाने ठिसूळ होऊन फुटल्या होत्या, तीन पाइपांत काटक्या निघाल्या. कावळ्यांनी पंचवीस वर्षांत आपल्या सोसायटीचं सभासदत्व घेतलेलं आहे, वर्गणी मात्र देत नाहीत.

जाळी, बिजागऱ्या, स्क्रू घेताना बाजारात सगळ्याला "एसएस" म्हणतात. चुंबक लावून बघा म्हणतात. चुंबकाने इथे काही कळत नाही. २०२, ३०४ आणि ३१६ यांतलं कशालाच चुंबक सहसा चिकटत नाही. समुद्राजवळ २०२ लवकर गंजतं, ३०४ वर तपकिरी डाग येतात, ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असल्याने ते टिकतं. बिलावर जात लिहून घ्या. आणि ॲल्युमिनियमच्या वस्तूला साधा लोखंडी स्क्रू मारू नका, खाऱ्या ओलीत दोन धातू भांडतात.

आता पैशाचं. ए इमारतीचं काम दुरुस्ती निधीतून झालं. ठेकेदाराच्या बिलातले पाच टक्के आपण रोखून ठेवले आहेत, ते येता पावसाळा कोरडा गेल्यावरच मिळतील, म्हणून काम उत्तम झालं असं मी आज म्हणणार नाही. ऑक्टोबरमध्ये बघू. बी इमारतीसाठी ३२ सदनिकांकडून प्रत्येकी १८,००० रुपये, म्हणजे ५,७६,००० हवेत. आजपर्यंत २१ जणांचे आले, ३,७८,०००. उरले १,९८,०००. नावं मी वाचणार नाही, खजिनदारांनी वाचायला सांगितली होती तरी. ज्यांना एकदम जमत नसेल त्यांनी तीन हप्त्यांचा अर्ज द्यावा, समितीने तो मान्य करायचं ठरवलं आहे. बी इमारतीच्या पूर्वेच्या कोपऱ्यात हाताच्या पंजाएवढा फुगवटा आहे, खाली दोरी बांधली आहे. मुलांनो, ती दोरी चेंडू अडवायला नाही. तिच्या आत कोणी जायचं नाही, चेंडू गेला तर मला हाक मारा.

फेब्रुवारीत काम सुरू झालं तर मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात संपतं. एप्रिलमध्ये सुरू केलं तर पाऊस गाठतो आणि मग पुढच्या दिवाळीपर्यंत ती दोरी तिथेच.

येत्या रविवारी सकाळी साडेसातला मी बी इमारतीच्या गच्चीवर असेन. हातोड्या दोन आहेत, खडूचा डबा आहे. तळमजल्यावरच्यांनी आवर्जून यावं. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मधल्या मजल्यावर खुर्ची ठेवली आहे, आणि चहा कुलकर्णी वहिनींनी वर पाठवायचं कबूल केलं आहे.