सरहद्द उघडते तेव्हा



शहर कशाने वाढतं? नदीमुळे, बंदरामुळे, राजधानीमुळे, असं आपण शाळेत शिकलो. शेजारच्या देशाशी चालणाऱ्या व्यापारानेही ते वाढतं, आणि मेक्सिकोत हे लख्ख दिसतं.

दुसऱ्या महायुद्धानंतर मेक्सिकोने परदेशी मालावर जबर जकात बसवली. माल देशातच बनवायचा, देशातच विकायचा. मग कारखानदार गिऱ्हाईक जास्त तिथेच जाणार, म्हणजे मेक्सिको सिटीत. कारखान्यामागे कामगार आले, कामगारांमागे दुकानं आली. 1980च्या सुमारास देशातल्या कारखान्यांमधल्या नोकऱ्यांपैकी 40 टक्क्यांहून अधिक या एका शहरात होत्या. दारं बंद ठेवणाऱ्या देशात महानगर असंच फुगतं, हे पॉल क्रुगमन आणि राउल लिवास या अर्थशास्त्रज्ञांनी पुढे मांडलं.

1986 मध्ये मेक्सिको जकाती कमी करणाऱ्या गॅट करारात आला. 1994 मध्ये अमेरिका आणि कॅनडाबरोबरचा नाफ्टा हा मुक्त व्यापाराचा करार लागू झाला. मोठं गिऱ्हाईक आता उत्तरेला होतं, कारखानेही तिकडे सरकले. 1950 साली जेमतेम 65 हजार वस्तीचं, अमेरिकेच्या सरहद्दीवरचं तिहुआना 2020च्या जनगणनेत 19 लाखांवर गेलं, सरहद्दीवरचंच सिउदाद हुआरेझ 15 लाखांवर. राजधानी लहान झाली नाही, तिची वाढ मंदावली.

सरहद्दीवरच्या या कारखान्यांना माकिलादोरा म्हणतात. माकिला म्हणजे धान्य दळून दिल्याबद्दल गिरणीवाला ठेवून घेतो तो वाटा, आपली दळणावळ. किती नेमका शब्द आहे! सुटे भाग पलीकडून येतात, इथे जोडले जातात, तयार माल परत जातो. इथे उरते ती मजुरी.

त्या मजुरीसाठी दूरदूरच्या प्रांतांतून माणसं आली. तिहुआनाच्या टेकड्यांवर त्यांनी घरं उभारली. उतार खचू नये म्हणून जुने टायर एकावर एक रचले, आत माती ठासली. टायरच्याच पायऱ्या केल्या. ते टायरही कॅलिफोर्नियातून आलेले. पाणी टँकरने विकत घ्यायचं, आणि कामाला जायचं ते नळ, वीज, पक्का रस्ता असलेल्या कारखान्यात. मला हे फार लागतं.

सरहद्दीवरच्या पाण्याची आणि सांडपाण्याची कामं व्हावीत म्हणून नाफ्टाबरोबर उत्तर अमेरिकी विकास बँक स्थापन झाली, हे चांगलंच झालं. पण माकिलादोरा 1965 पासून येत होत्या. बँक आली 1994 मध्ये.