शाळेचें क्रीडांगण : दानाचा पैसा आणि जनतेचा पैसा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त शाळेच्या सभागृहांत दिलेलें व्याख्यान)



ह्या महोत्सवाचें स्मारक म्हणून आपल्या शाळेस नीटनेटकें क्रीडांगण करून द्यावें, असा विचार कांहीं महिन्यांपासून चालू आहे. क्रीडांगण हवें कीं नको, हा वाद मला घालावयाचा नाहीं. संत पौलानें करिंथच्या मंडळीला लिहितांना शर्यतींत धांवणाऱ्यांचाच दाखला घेतला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टांतहि क्रीडांगणाचें नांव आहे. तो कायदा अल्पसंख्याकांच्या शाळांस लागू नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें 2014 सालीं ठरविलें. परंतु मुलांच्या पायांना हा भेद कळत नाहीं. प्रश्न पैशाचा आहे. तो दोन हातांनीं येणार, एक हात दात्याचा आणि दुसरा सरकारचा. माझें म्हणणें एवढेंच कीं, ह्या दोन पैशांचा धर्म एक नाहीं; दोन्ही एकाच मैदानांत ओतावयाचे, तर दोघांचेहि धर्म पाळण्याची तयारी आधीं हवी.

दात्याच्या पैशाविषयीं ख्रिस्तसभेचा कायदा स्पष्ट आहे. 1983 च्या कायदेसंहितेचें 1267 वें कलम सांगतें कीं, श्रद्धावंतांनीं विशिष्ट कार्यासाठीं दिलेलें दान त्याच कार्यासाठीं वापरलें पाहिजे. आणि 1287 वें कलम सांगतें कीं, श्रद्धावंतांनीं अर्पिलेल्या द्रव्याचा हिशेब श्रद्धावंतांना द्यावा. म्हणजे मैदानासाठीं जमलेल्या रकमेंतून घंटाघराचें छप्पर दुरुस्त करतां येणार नाहीं, मग तें कितीहि गळत असो. आणि रविवारच्या मिस्सेनंतर जमाखर्च वाचून दाखविणें ही व्यवस्थापकांची मेहेरबानी नसून त्यांचें कर्तव्य आहे. दात्याच्या नांवाची पाटी लावण्यास माझी मुळींच हरकत नाहीं. दात्याची अट मात्र तपासून घ्यावी.

ह्या बाबतींत अमेरिकेंतील एक खटला मनन करण्याजोगा आहे. सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेनें मुलगा-मुलगी असा भेद करूं नये, असा कायदा त्या देशांत 1972 सालीं झाला. फ्लॉरिडा राज्यांतील ब्रेव्हर्ड परगण्याच्या एका सरकारी शाळेंत मुलांच्या बेसबॉलच्या मैदानास विजेचा गुणफलक होता, फलंदाजीच्या सरावाचा पिंजरा होता, रात्रीं खेळण्यास दिवे होते. मुलींच्या सॉफ्टबॉलच्या मैदानास हीं सुखें नव्हतीं. दोन मुली न्यायालयांत गेल्या. शाळामंडळाचें उत्तर असें कीं, हा खर्च साहाय्यक मंडळांनीं वर्गणी गोळा करून केला आहे, त्यांत आमचा हात नाहीं. 1997 सालीं न्यायालयानें तें मानलें नाहीं. देणगी कोणाचीहि असो, ती ज्या शाळेनें स्वीकारली तीच तिच्या परिणामास जबाबदार, असा त्या निकालाचा आशय.

तो कायदा आपला नव्हे. युक्तिवाद मात्र ओळखीचा आहे. “पैसे त्यांनीं दिले, त्यांना हवें तें त्यांनीं केलें,” हें वाक्य आपल्या बैठकींतहि ऐकूं येतें. उद्यां एखाद्या दात्यानें मुलांसाठीं क्रिकेटची खेळपट्टी बांधून दिली आणि मुलींना भिंतीच्या कडेला लंगडी खेळावयास लावलें, तर तो दोष दात्याचा राहणार नाहीं. तेंच 1267 वें कलम म्हणतें कीं, न्याय्य कारणावांचून दान नाकारूं नये. मुलींची जागा जाते, हें कारण मला पुरेसें न्याय्य वाटतें.

आतां सरकारी पैसा. तो घेतला तर सरकार शाळेंत शिरेल, अशी भीति वडीलमंडळींस वाटते. अनुदानित शाळेंतील शिक्षकांचें वेतन सरकार देतेंच. तेव्हां ती भीति फार उशिरां आली. शिवाय संस्था अल्पसंख्याकांची आहे एवढ्यावरून अनुदानांत भेदभाव करण्यास घटनेच्या 30 व्या कलमानें राज्याला मनाई केली आहे. खरी अडचण सातबाऱ्याच्या उताऱ्यांत आहे. खासदार-निधीची योजना 1993 पासूनची; त्यांत खासदार शिफारस करतो आणि मंजुरी जिल्ह्याचें प्रशासन देतें. ह्या योजनेच्या 2016 च्या नियमावलींत धार्मिक समूहाच्या मालकीच्या जमिनीवरील कामांस बंदी होती. आणि आपल्याकडे शाळा एका संस्थेची व जमीन देवळाच्या ट्रस्टची, असें पुष्कळदां असतें. बिगरशेती जमीन 3 वर्षांहून अधिक मुदतीच्या पट्ट्यानें द्यावयाची, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. आणि पट्ट्यानें मालकी बदलत नाहीं. म्हणून आपल्या जमिनीस कोणता निधि चालेल, हें जिल्हा कार्यालयास आधीं लेखी विचारावें. कंपन्यांचा मार्ग त्यामानानें सोपा. 2013 च्या कायद्यानें मोठ्या कंपन्यांस मागील 3 वर्षांच्या सरासरी नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चावयास लावलें आहे, आणि त्या कार्यांत शिक्षण व क्रीडाप्रशिक्षण येतें.

परंतु जनतेचा पैसा लागलेल्या मैदानाचें फाटक शाळा सुटल्यावर शेजारच्या मुलांना बंद असूं नये, मग तीं कोणत्याहि धर्माचीं असोत. हें ज्यांना रुचत नसेल त्यांनीं तसें आजच सांगावें. म्हणजे अर्ज तरी करावयास नको.

राहिली देखभाल. बांधकामास दाता मिळतो, रोलरला मिळत नाहीं. आपल्या वसईच्या पावसांत निचरा नसलेलें मैदान म्हणजे चार महिन्यांचें तळें, आणि खाऱ्या हवेंत गोलाचे लोखंडी खांब गंजावयास फार दिवस लागत नाहींत. सध्यां कृत्रिम गवताची टूम आहे. तें 8-10 वर्षांत बदलावें लागतें. तो खर्च काढण्यासाठीं मैदान संध्याकाळीं तासावर भाड्यानें जातें, आणि ज्यांच्यासाठीं बांधलें तीं मुलें कुंपणाबाहेरून पाहतात. त्यापेक्षां चांगला निचरा केलेलें मुरमाचें मैदान मला शतपट बरें वाटतें.

अर्थसमितीस माझी एक विनंती आहे. पावतीपुस्तक छापतांनाच त्यावर “क्रीडांगणाचें बांधकाम व देखभाल” असे शब्द घालावेत. नुसतें “बांधकाम” छापलें, तर पुढें हेंच 1267 वें कलम आपणांस रोलर दुरुस्त करूं देणार नाहीं.