कापडातली वीज



कापसापासून काय काय होते, असे विचारले तर आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला शाळकरी पोरगाही बोटे मोजून सांगेल. रुईचे सूत, सुताचे कापड, सरकीचे तेल नि ढेप, आणि उरलेल्या पऱ्हाटीचे जळण. या यादीत आता आणखी एका वस्तूची भर पडू पाहत आहे. ती वस्तू म्हणजे बॅटरी.

आता आपण म्हणाल, बॅटरी म्हणजे जड, टणक डबा. तिचा कापडाशी काय संबंध? पण संबंध फार जुना आहे. १८०० साली इटलीतील व्होल्टा या शास्त्रज्ञाने जगातली पहिली बॅटरी केली. दोन वेगळ्या धातूंच्या चकत्या एकावर एक रचायच्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा किंवा कापडाचा तुकडा ठेवायचा, एवढीच तिची रचना. म्हणजे पहिल्या बॅटरीतही कापड होतेच. ते नुसते ओलावा धरून बसले होते, इतकेच. आता त्यानेच वीज साठवावी, असा प्रयत्न चालू आहे.

कापूस स्वतः विजेला वाट देत नाही. मग त्याला वाहता कसा करायचा? पहिली रीत रंगाऱ्याची. २०१० साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात यी त्सुई यांच्या चमूने कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांची शाई केली, तीत सुती कापड बुडवले आणि वाळवले. कापडातून वीज वाहू लागली, आणि ते दुमडता, ताणता येत होतेच. दुसरी रीत कोळसा पाडणाऱ्याची. लाकडे रचून भट्टी मातीने लिंपली, की आत वारा जात नाही. लाकडाची राख न होता कोळसा होतो. २०१२ साली साउथ कॅरोलायना विद्यापीठात बाजारातला एक साधा सुती टी-शर्ट घेऊन हेच केले. तो फ्लोराइडच्या द्रावणात भिजवून वाळवला आणि हवा लागू न देता भट्टीत तापवला. कापसाचा मुख्य घटक सेल्युलोज, आणि त्यात वजनाने चव्वेचाळीस टक्के कार्बन असतो. बाकीचे उडून गेले, कार्बन राहिला. नवल असे, की कापडाची वीण तशीच राहिली नि कापड लवचिकही राहिले. त्यावर मॅंगनीज ऑक्साइडचा पातळ थर दिल्यावर ते हजारो वेळा भरले, रिकामे केले, तरी त्याची शक्ती फारशी घटली नाही.

हे जे तयार झाले त्याला महाधारित्र म्हणतात. बॅटरी आणि महाधारित्र यांतला फरक घरातलाच आहे. बॅटरी म्हणजे धान्याची कणगी. पुष्कळ मावते, पण भरायला वेळ लागतो. महाधारित्र म्हणजे दारातला रांजण. मावते थोडे, पण झटकन भरतो नि झटकन रिता होतो. त्यात वीज कार्बनच्या पृष्ठभागावर बसते, म्हणून पृष्ठभाग जितका मोठा तितकी वीज जास्त. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने कडुनिंबाच्या वाळक्या पाल्यापासून असा कार्बन केला. ते संशोधन २०१३ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या एका ग्रॅमचा, म्हणजे चिमूटभर भुकटीचा, आतल्या छिद्रांसकट पृष्ठभाग बाराशे चौरस मीटरांच्या वर भरला. आपल्या भाषेत बारा गुंठे! चीनमधील फूदान विद्यापीठाने तर २०२१ साली मीटर-मीटर लांबीचे बॅटरीचे धागेच काढून कापडात विणले.

"काहो गुरुजी, असा सदरा धुवाचा कसा? अन् भिजला त झटका नाही बसनार?" असे कोणी विचारील, आणि ते विचारणे योग्यच आहे. झटक्याचे भय नाही, कारण दाब दोन-चार व्होल्टांचाच असतो. पण लिथियमच्या बॅटरीतले द्रावण पेट घेऊ शकते. घाम, धुणे, चोळणे आणि पिळणे यांना पुरून उरेल असे आवरण स्वस्तात देणे हीच आजची खरी अडचण आहे.

मग आपल्याला त्याचे काय? २०१७ साली आपल्याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसच्या वर माणसे दगावली. विष अंगात भिनू लागले की घाम, श्वास आणि नाडी यांत फरक पडतो. पण काम करणाऱ्याला वाटते, उन्हाने होत असेल. अंगातल्या सदऱ्यानेच नाडी मोजली आणि वेळीच इशारा दिला तर? तशी यंत्रे आता बोटाच्या पेराएवढी झाली आहेत. त्यांना लागणारी वीज कापडातच साठवता आली, तर पंपाच्या ओझ्यात आणखी एका डब्याची भर पडणार नाही. असा सदरा अजून आपल्या बाजारात नाही. तोवर हातमोजे, तोंडावर मुसके, वाऱ्याला पाठ आणि काम झाल्यावर साबणाने अंघोळ, हाच आपला इशारा आणि हेच आपले चिलखत.

दुसरी गोष्ट पैशाची. एका सदऱ्याला पावशेर कापूसही पुरतो. म्हणून बॅटरीमुळे कापसाचा भाव वधारेल, अशी आशा कोणी दाखवली तर तिला भुलू नये. एके काळी आपला कापूस शकुंतला रेल्वेने मूर्तिजापूरला, तिथून मुंबईला आणि पुढे विलायतेला जाई, आणि कापड होऊन दामदुपटीने परत येई. मिळकत पिकवण्यात थोडी नि घडवण्यात जास्त, हा धडा त्यातून मिळाला. नव्या वस्तूलाही तोच नियम लागू आहे. मुंबईत १९२४ पासून कापूस तंत्रज्ञानाची संस्था आहे, नागपुरात १९७६ पासून कापूस संशोधन संस्था आहे. त्यांच्या दारात आपली मुले विद्यार्थी म्हणून उभी राहिली पाहिजेत.

त्याची सुरुवात शाळेत करता येईल. शिक्षक बंधुभगिनींनो, तांब्याच्या तारेचे वेटोळे, जस्ती पत्र्याचा तुकडा आणि मध्ये लिंबाच्या रसात भिजवलेली सुती चिंधी, अशा चार-पाच जोड्या करा. त्या एकमेकींना चिकटू देऊ नका. एका जोडीचे तांबे दुसरीच्या जस्ताला, असे तारेने जोडत जा. शेवटी उरलेल्या तांब्याला लहान तांबड्या एल.ई.डी. दिव्याचा लांब पाय लावा, आणि जस्ताला आखूड. खोलीत अंधार करा. दिवा मंदच लागेल. पण ती वीज पोरांनी आपल्या हाताने केलेली असेल. मात्र मोबाइलची बॅटरी कोणी फोडू नये, आणि घरातल्या विजेच्या तारांशी खेळू नये, हे आधी बजावून सांगा.

दिवा लागला की मुले विचारतील, चिंधी वाळली तर काय होईल? उत्तर सांगू नका. चिंधी वाळू द्या, आणि त्यांनाच पाहू द्या.