नववीचा निकाल
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांनी केलेले भाषण)



मंडळाने ह्या प्रसंगी बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय आमच्यावरच सोपविला होता. शाळेचे वर्ष सरले आहे, दहावीचा निकाल लागला आहे, आणि जूनच्या मध्यावर नवे वर्ष उघडावयाचे आहे. मधल्या दिवसांत वर्ग मोकळे असतात. मुख्याध्यापकाची खोली मात्र मोकळी नसते. प्रवेश मागणारे, दाखला मागणारे, वेतनपथकाचे कागद घेऊन येणारे लिपिक आणि पावसापूर्वी कौले चाळावयास हवीत म्हणून आठवण देणारा शिपाई, अशी ये-जा चालूच असते. त्यातून संध्याकाळी थोडी उसंत मिळाली म्हणजे वर्षाचा जमाखर्च मनात आपोआप मांडला जातो. तोच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम आजच्या गुणवंतांचे मनःपूर्वक अभिनंदन. पुण्याला परीक्षेच्या यशाचे वेड फार जुने आहे, आणि ते सर्वस्वी निंद्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले, तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक प्रभृतींच्या त्यागाबरोबरच मॅट्रिकच्या परीक्षेत चमकणाऱ्या मुलांनीही त्या शाळेचे नाव मोठे केले. वामन शिवराम आपटे ह्यांच्यासारखा संस्कृतज्ञ शाळेची धुरा वाहत होता. पुढे शालान्त परीक्षा मंडळ आले, १९७५ साली अकरावीची जुनी शालान्त परीक्षा जाऊन दहावीची आली, आणि 'बोर्डात येणे' हा शब्दप्रयोग घरोघर झाला. मंडळाने गुणवत्ता यादी बंद केली त्यासही आता बरीच वर्षे लोटली. यादी गेली, पण हौस गेली नाही. ती शाळांच्या फाटकावरील फलकांवर जाऊन बसली. आज शहरात कोणत्याही पेठेतून जा, 'शंभर टक्के निकाल' हे शब्द आपणांस दिसल्यावाचून राहणार नाहीत.

हा शंभराचा आकडा कसा सिद्ध होतो, हे सांगण्यासाठीच आम्ही उभे आहोत.

समजा, एखाद्या शाळेत नववीच्या वर्गांत १२० मुले आहेत. दहावीस त्यांतील १०२ बसली आणि १०२ उत्तीर्ण झाली. फलकावर शंभर टक्के लागले, वृत्तपत्रात छायाचित्र आले, आणि त्यात लबाडी काहीच नाही. परंतु नववीपासून मोजू लागलो तर तोच निकाल ८५ टक्के ठरतो. उरलेली १८ मुले कोठे गेली, हा प्रश्न फलक विचारीत नाही, आणि पालकही विचारीत नाहीत. कोणी पुन्हा नववीत बसला. कोणास 'उत्तीर्ण करतो, पण दाखला घेऊन जा' असे सांगण्यात आले. कोणास सतरा नंबरचा फॉर्म भरण्याचा सल्ला मिळाला. सतरा नंबरचा फॉर्म म्हणजे खासगी रीतीने परीक्षेस बसण्याचा अर्ज. ज्याची शाळा काही कारणाने सुटली, जो मिळवता झाला, त्याला परीक्षेचे दार उघडे असावे म्हणून केलेली ही सोय. हेतू थोर आहे. पण असा विद्यार्थी शाळेच्या नियमित विद्यार्थ्यांत मोजला जात नाही, म्हणून तीच सोय कच्च्या मुलास पटाबाहेर काढण्याची वाट होऊन बसली.

ही युक्ती आजची नव्हे. आपल्यातील वृद्ध मंडळींना 'फॉर्म अडविणे' हे शब्द आठवत असतील. प्रिलिममध्ये जो घसरला त्याचा फॉर्म शाळा पुढे पाठवीतच नसे. तेव्हा निदान अडविणारा उघडपणे अडवीत असे. आता अडचण दोन वर्षे अलीकडे सरकली आहे. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला आणि आठवीपर्यंत कोणासही मागे ठेवता येईना. हा नियम आमच्या मते माणुसकीचा होता. त्यामुळे कित्येक मुले, विशेषतः मुली, शाळेत टिकल्या. मात्र त्यासोबत वर्षावर्षाची जी मेहनत हवी होती ती सर्वत्र झाली नाही, आणि पहिला खरा अडसर नववीत येऊन ठेपला. २०२३ साली राज्याने नियम बदलून पाचवी व आठवीस वार्षिक परीक्षा आणली. त्याने नववीचा भार हलका होईल, की तोच अडसर आणखी खाली उतरेल, हे पाहण्यास काही वर्षे जावी लागतील.

आकड्यांचे म्हणाल, तर २०२१ साली साथीमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, नववीचे गुण आणि अंतर्गत मूल्यमापन ह्यांवर निकाल लावावा लागला, आणि राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या वर्षी मुलांनी घरी बसून, कित्येकांनी घरातील एकुलत्या एका फोनवर, जे काही शिकले ते आम्ही पाहिले आहे. निकाल उत्तम आणि अभ्यास अधुरा, अशी दोन्ही एकत्र नांदू शकतात, ह्याचा तो सरकारी पुरावा समजावयास हरकत नाही.

आता आमच्या अनुभवाची एक गोष्ट. गेल्या वर्षी जूनमध्ये एक गृहस्थ मुलास घेऊन आले. ते मार्केट यार्डात हमाली करतात. मुलाच्या हातात नववी उत्तीर्ण असल्याचा दाखला होता, आणि त्यावर शाळा सोडण्याचे कारण 'पालकांची विनंती' असे लिहिलेले. आम्ही विचारले, "आपण विनंती केली होती काय?" ते म्हणाले, "साहेब, सही करा म्हणाले, मी केली." मुलगा गणितात कच्चा होता, पण प्रयोगशाळेतील नादुरुस्त विजेची उपकरणे त्याने आमच्या डोळ्यांदेखत चालू करून दाखविली. आम्ही त्यास दहावीत प्रवेश दिला. तो गणितात पाच गुणांनी राहिला, इतर सर्व विषयांत सुटला, आणि आमच्या शाळेचा शंभराचा फलक ह्या वर्षी लागला नाही. व्यवस्थापनाच्या सभेत आम्हांस त्याविषयी विचारणा झाली. आम्ही नववीचा पट आणि दहावीचा पट शेजारी शेजारी ठेवून दाखविले. सभा शांत झाली. पटली की नाही, ते ठाऊक नाही. मुलगा पुरवणी परीक्षेच्या तयारीस रोज शाळेत येत आहे.

'पालकांची विनंती' हे शब्द आम्हांस फार खुपतात. शाळेचे जनरल रजिस्टर कायम जपून ठेवावयाचे असते, आणि अलीकडे जातपडताळणीच्या निमित्ताने आजोबा-पणजोबांची नोंद शोधावयास पुष्कळ मंडळी येतात. आपल्या ज्ञातीचीही येतात. जातीच्या रकान्यावर बोट ठेवतात, नक्कल घेतात, समाधानाने परत जातात. त्याच ओळीत काही रकाने पुढे शाळा सोडण्याची तारीख, इयत्ता आणि कारण असते. तिकडे कोणाची दृष्टी जात नाही. आम्ही फावल्या वेळी तेच वाचीत बसतो. मुलींच्या नावापुढे 'स्थलांतर' असते आणि पुढल्या वैशाखात लग्नाची पत्रिका येते. ज्या शहरात १८४८ साली भिडे वाड्यात मुलींची शाळा भरली, तेथील ही नोंद आहे.

दारातून परत पाठविलेल्या मुलाचे पुढे काय होते, हे कोणासच आधी सांगता येत नाही. धोंडो केशव कर्वे १८७५ साली भर पावसात मुरुडहून साताऱ्यास शंभर मैलांहून अधिक चालत परीक्षेस गेले. वयाच्या मानाने लहान दिसतात म्हणून त्यांना बसू दिले नाही. त्या अधिकाऱ्याने नियमच पाळला होता. कर्वे मॅट्रिक झाले ते १८८१ साली, म्हणजे वयाच्या तेविसाव्या वर्षी. पुढील त्यांचे कार्य पुणेकरांस आम्ही सांगावे असे नाही. प्रत्येक नापास मुलात कर्वे दडले आहेत असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. तेविसाव्या वर्षापर्यंत पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्याइतका आधार त्यांना कोठून तरी मिळत राहिला, एवढेच आमचे म्हणणे.

असा आधार देण्यासाठीच तर ज्ञातिसंस्था निघाल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ पासून निरनिराळ्या जातींची वसतिगृहे उभी राहिली. पुण्यात गरीब मुले वार लावून जेवत आणि रस्त्यावरील दिव्याखाली वाचीत. त्या काळच्या मंडळींनी मुलास आधी जेवू घातले, त्याचे गुण मागाहून पाहिले. आपल्या मंडळाची शिष्यवृत्ती मात्र आज ८५ टक्क्यांच्या वर सुरू होते. ज्यास ९५ टक्के मिळाले त्यास आपले पाकीट आनंद देते, ह्यात शंका नाही; पण त्याचा अकरावीचा प्रवेश त्यावाचून अडत नाही.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे आमची विनंती आहे. येथे जमलेल्या प्रत्येक कुटुंबाने घरातील, भाऊबंदांतील, शेजारच्या वाड्यातील, चाळीतील अथवा वस्तीतील जे मूल गेल्या दोन वर्षांत नववी-दहावीत शाळेबाहेर पडले असेल त्याचे नाव चिटणीसांकडे द्यावे. नाव आपल्याच ज्ञातीचे असले पाहिजे, अशी अट घालू नये. शाळा सोडल्याचा मूळ दाखला आईवडिलांनी जपून ठेवावा, कारण सतरा नंबरच्या अर्जास तो लागतो. आणि ज्यांना दिवसा काम करून शिकावयाचे आहे त्यांना पूना नाईट हायस्कूलसारख्या रात्रशाळेची वाट दाखवावी. शिष्यवृत्तीच्या निधीतील निम्मी रक्कम ह्या मुलांच्या परीक्षा शुल्कास आणि पुस्तकांस वळवावी. ह्या सभागृहाच्या वरच्या मजल्यावरील खोली लग्नसराई सोडल्यास संध्याकाळी बंदच असते. ती सहा ते नऊ उघडून द्यावी. गणित आणि इंग्रजी शिकविण्यास आमचे दोन निवृत्त सहकारी विनावेतन येण्यास तयार आहेत, शनिवारी आम्ही स्वतः येऊ. किल्ली कोणाकडे ठेवावयाची, एवढे आज ठरले तर येत्या सोमवारपासून वर्ग भरविता येईल.