बुरशी : वैरीण की सखी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला परसबागेवर बोलावयास सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु वाफ्यात रोज हात असतो, म्हणून धीर केला.

बुरशी म्हटली की आपण नाक मुरडतो. लोणच्यावर आली की बरणी गेली! त्यामुळे कंपोस्टाच्या खड्ड्यात पांढरे तंतू दिसले की पुष्कळजणी खत नासले म्हणून फेकून देतात. तसे करू नये. पालापाचोळा कुजविण्याचे काम ती बुरशीच करीत असते.

आता रोपांचे पाहा. आपल्या बचत गटातल्या बायका मिरची, वांगी, टोमॅटोची रोपे करून विकतात. बी उगवते, चार दिवस हिरवेगार दिसते, आणि एके सकाळी देठ मातीलगत मऊ पडून रोपे आडवी! कोणी म्हणते, दृष्ट लागली. दृष्ट कसली? मातीतल्या पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशी व बुरशीसारख्या जीवांचा तो रोग. दाट पेरणी आणि साचलेले पाणी हे त्यांचे माहेरच समजा.

यावर उपाय म्हणजे ट्रायकोडर्मा, तीही बुरशीच. ती वैरीण बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालून त्यांवरच जगते, आणि मुळांभोवतीची जागा आधीच अडवते. कृषी विद्यापीठांत हिची पुडी मिळते. एक किलो बियाण्याला ४ ते ५ ग्रॅम पुरते, म्हणजे आपल्या मूठभर बियांना चिमूटभरच. बी किंचित ओलसर करून चोळावे व सावलीत सुकवावे. कंपोस्टात मिसळावयाची तर खत पुरते निवू द्यावे. हात घालवत नाही अशा तापलेल्या खतात ती मरते. निवलेल्या, ओलसर खतात कालवून, वर गोणपाट टाकून आठ-दहा दिवस सावलीत ठेवावे. ही वस्तू विरजणासारखी जिवंत आहे. म्हणून पुडीवरची तारीख पाहूनच घ्यावी, आणि बुरशीनाशक औषधात कधी मिसळू नये.

दुसरी सखी मायकोरायझा. १८८५ साली फ्रँक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने तिला हे नाव दिले. ती मुळांत बिऱ्हाड करते, बाहेर दूरवर तंतू पसरून झाडाला स्फुरद आणून देते, आणि झाड तिला साखर देते. कांदा, मिरची, टोमॅटोला ती मानवते. कोबी, मुळा, मोहरी, पालक, बीट मात्र तिला घरात घेत नाहीत. तेव्हा दुकानदार काहीही सांगो, त्यांच्यासाठी पैसे घालू नका! स्फुरदाचे खत भरमसाट घातले तरी ती नीट रुजत नाही. दारात नळ आला की पाणक्याला कोण विचारतो?

पुडी घातली म्हणजे झाले, असे मात्र नाही. खोक्याला खाली भोके हवीत, पेरणी विरळ हवी, आणि पाणी बेताचे. नुसत्या कच्च्या खतात पेरले तर कोणतीही बुरशी रोप वाचविणार नाही.

माझी एक सूचना आहे. गटातल्या प्रत्येकीने येत्या हंगामात दोन खोकी करावीत. माती तीच, बी तेच, पाणीही तेवढेच. फक्त एकात ट्रायकोडर्मा घालावी. तीन आठवडे रोज उभी आणि पडलेली रोपे मोजून वहीत लिहावीत. मग सभेला वह्या घेऊन या. गटाच्या पैशांतून पुड्या आणावयाच्या की नाही, ते आपण त्यावरून ठरवू.