टोका कोणता?

इंद्रायणीकाठच्या चिखलीत आता कारखान्यांची दाटी झाली आहे. तरी वर्षाचे धान्य भरून ठेवणारी घरे तिथे आहेतच. पावसाळ्यात अशा घरी तांदळाचा डबा उघडला, की सोंडवाले काळपट किडे चालताना दिसतात. 'टोके झाले' म्हणत आपण सूप हाती घेतो. पण टोका कोणता, असे कुणी विचारले तर?

पुढे सोंड, पाठीवर चार तांबूस ठिपके, लांबी तीन-चार मिलिमीटर. हे वर्णन एकाचे नव्हे, दोघांचे आहे: तांदळाचा सोंडा आणि मक्याचा सोंडा. मोठा तो मक्याचा, असे सांगतात. त्यावर विसंबू नका. टपोऱ्या दाण्यात वाढलेला किडा अंगाने भरतो, बारीक दाण्यातला खुरटा राहतो. शिवाय दोघेही तांदूळ खातात, मकाही खातात. नावे नुसती नावापुरती!

यात शास्त्रज्ञही फसले. लिनिअसने 1763 साली तांदळाच्या सोंड्याला नाव दिले, मोचुल्स्कीने 1855 साली मक्याच्या. तरी पुढे कित्येक वर्षे हे एकाच किड्याचे लहान-मोठे प्रकार समजले गेले. नावांचा हा घोळ कुशेलने 1961 साली निस्तरला. त्यामुळे त्याआधीच्या लेखात 'तांदळाचा सोंडा' असे वाचले, तर तो नेमका कोणता, हे सांगणे अवघड.

खात्रीची खूण पोटात आहे. नराचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. तांदळाच्या सोंड्यात त्याची वरची बाजू गुळगुळीत असते, मक्याच्या सोंड्यात तिच्यावर दोन उभ्या खाचा असतात. मादीची खूण याहून नाजूक.

एवढा खटाटोप कशाला? तर मक्याचा सोंडा उडण्यात अधिक तरबेज. तो शेतातल्या उभ्या कणसांपर्यंत पोचतो. मादी दाणा कोरून आत एक अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. दाणा वरून धड दिसतो. महिना-सव्वा महिन्याने त्यातून टोका बाहेर पडतो, तेव्हा आपण दोष देतो कणगीला. ती कितीही सारवलेली असली, तरी कीड तिच्यात शेतातून आलेली असू शकते.

तेव्हा टोके सापडले, तर दहा-वीस बाटलीत घालून जाणकाराकडे न्या. सोबत चिठ्ठी असू द्या: धान्य कोणते, कुठून आणले, कधी भरले, टोके कधी दिसले. किड्याचे नाव मात्र तुम्ही लिहू नका.